पोकेमॉन चॅम्पियन्स यायच्या आधी टीम बांधतोय, मेगा कोणता धरू?

गार्चॉम्प_नाशिककर

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण वाचा प्लीज. फेब्रुवारी २०२५ ला चॅम्पियन्सचा, म्हणजे पोकेमॉनच्या फक्त लढायांवरच्या नव्या गेमचा, पहिला ट्रेलर आला तेव्हापासून वाट बघतोय. स्विच आणि मोबाईल दोन्हीवर येणार म्हटल्यावर आमच्या ग्रुपमधल्या पाच जणांना पहिल्यांदाच खरी रँक्ड खेळता येणार आहे. आपल्याकडे स्विच अधिकृतपणे विकतच नाहीत, बाहेरून मागवायचा म्हणजे किती पैसे जातात ते इथे सगळ्यांना माहितीय, त्यामुळे आम्ही आजवर सगळं शोडाऊनवरच, म्हणजे ब्राउझरमधल्या फुकट सिम्युलेटरवरच खेळलो. आता सहा जणांची टीम आधीच ठरवून ठेवायची आहे, म्हणजे गेम आला की पहिल्या दिवसापासून त्याच टीमवर हात बसवता येईल.

फॉरमॅट डबल्स (एका वेळी दोन विरुद्ध दोन) धरतोय, सहा दाखवून चार खेळवायचे, लेव्हल ५०. २०२६ च्या सॅन फ्रान्सिस्को वर्ल्ड्सला (जागतिक स्पर्धेला) चॅम्पियन्सवरच खेळणार असं जाहीर झालंय म्हणून डबल्सचाच सराव करायचा ठरवलाय.

मेगा, म्हणजे लढाईत तात्पुरतं ताकदवान रूप घेणारा पोकेमॉन, म्हणून माझा पहिला विचार कँगास्खान. मी शाळेत असताना एक्स आणि वाय या गेम्सचे व्हिडिओ बघायचो, त्यात प्रत्येक मॅचमध्ये आई आणि पिल्लू मिळून दोनदा मारायचे आणि समोरचा आडवा. २०१५ ला बॉस्टनच्या वर्ल्ड्सला जिंकलेली ती चॉक टीम (इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरांवरून CHALK) अजून पाठ आहे मला, क्रेसेलिया, हीट्रान, अमूंगस, लँडोरस, कँगास्खान. सोबत इन्सिनरोअर, अमूंगस, गार्चॉम्प, व्हिम्सिकॉट आणि एक जागा रिकामी. मेगा सॅलामेन्स पण डोक्यात आहे. आणि लेजंड्स झेड-ए या गेममध्ये जे नवीन मेगा आले त्यातला ड्रॅगनाईट मला फार आवडलाय, तो धरू का?

कोण कोण काय बांधतंय आणि का, ते सविस्तर सांगा.

---

टेलविंड_ताई

भावा कँगास्खानवर एवढा भरवसा ठेवू नकोस, तू आठवतोयस तो कँगास्खान आता राहिलेलाच नाही. नीट सांगते, कारण हा घोळ मी स्वतः घातलाय आणि शोडाऊनवर दोन आठवडे हरत होते.

२०१४-१५ ला पॅरेंटल बाँड या त्याच्या मेगा अ‍ॅबिलिटीचा (अंगभूत गुणाचा) दुसरा फटका पहिल्याच्या अर्ध्या ताकदीचा होता, म्हणजे एकूण दीडपट मार. सन आणि मून या पुढच्या गेम्सपासून तो पाव झाला, म्हणजे सव्वापट. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण कँगास्खानचा अटॅक मेगा झाल्यावरही १२५ च आहे, त्याची सगळी भीती त्या दुसऱ्या फटक्याचीच होती. आणि त्याहून मोठं दुखणं मूव्ह्जचं. तेव्हा त्याच्याकडे रिटर्न होता, १०२ पॉवर, स्वतःला काही इजा नाही. रिटर्न स्वोर्ड-शील्डपासून गायब आहे. पॉवर-अप पंच तर दोनदा लागायचा म्हणून एका टर्नमध्ये अटॅक दोन पायऱ्या वर जायचा, तो स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये नाही. मग राहिलं काय, डबल-एज नाहीतर बॉडी स्लॅम. डबल-एज मारलास की स्वतःचंच रक्त जातं. फेक आउट (आधी लागून समोरच्याची टर्न घालवणारी मूव्ह) अजून चांगला आहे, फोकस सॅश (एका फटक्यात मरू न देणारी वस्तू) फोडायला दोन फटके अजून कामाला येतात, ते नाकारत नाही. पण टीमचा कणा म्हणून मी नाही धरणार.

सॅलामेन्सचंही तसंच थोडंफार. त्याची मेगा अ‍ॅबिलिटी एरिलेट मार आधी १.३ पट करायची, आता १.२. पण त्याचं एक जमेला आहे, मैदानात येताना इंटिमिडेट देतो (समोरच्यांचा अटॅक एक पायरी खाली) आणि नंतर मेगा होतो, म्हणजे एकाच पोकेमॉनकडून दोन अ‍ॅबिलिट्यांचा फायदा. स्पीड १२०. तो मला कँगास्खानपेक्षा जास्त पटतो.

आता माझं मत, मेटाग्रॉस बघ. लोक विसरतात की एक्स-वायच्या काळात मेगा झाल्या टर्नला जुनाच स्पीड धरायचे, नवा स्पीड पुढच्या टर्नपासून. सन-मूनपासून तो त्याच टर्नला लागू होतो. याचा मोठा फायदा मेटाग्रॉसला, कारण त्याचा स्पीड ७० वरून थेट ११० वर जातो. जुन्या हिशोबाने लेव्हल ५० ला जॉली (स्पीड वाढवणारा स्वभाव) आणि फुल स्पीड दिला तर मेगाच्या आधी १३४, झाल्यावर १७८. गार्चॉम्प फुल स्पीडला १६९ वर थांबतो. म्हणजे समोरचा गार्चॉम्प बघून अर्थक्वेक दाबतो आणि मेटाग्रॉस आधीच आईस पंच देऊन मोकळा. १७८ आणि १६९ हे दोन आकडे डोक्यात ठेव.

---

कोकणी_स्टारमी

ताईंनी बरोबर मुद्दा काढला. फक्त एक भर घालतो, मेगासाठी आयटमची जागा जाते हे विसरू नका. मेगा स्टोन धरला की त्याला सॅश नाही, असॉल्ट व्हेस्ट नाही, बेरी नाही. नॉक ऑफने (समोरच्याची वस्तू पाडणाऱ्या मूव्हने) तो स्टोन पडत नाही तेवढं एक बरं. आणि एका मॅचमध्ये मेगा एकदाच. तरी सहामध्ये दोन मेगा ठेवायला हरकत नाही, चार निवडताना समोरची टीम बघून एकच न्यायचा. जुन्या काळी चांगले खेळाडू असंच करायचे, समोरच्याला कळतच नाही कोणता येणार.

---

पाऊस_आला_मोठा

मी चारिझार्ड वायवाला (चारिझार्डचे दोन मेगा आहेत, त्यातला वाय). सगळ्यांचं वाचलं, पण ऊन आणि पावसावर कोणी काहीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये मैदानात येताच पाऊस आणणारा पेलिपर आणि आर्कालुडॉन ही जोडी किती त्रास देते ते सगळ्यांनी भोगलंय. पावसात आर्कालुडॉनचा इलेक्ट्रो शॉट (विजेचा हल्ला) त्याच टर्नला सुटतो, एरवी एक टर्न चार्ज करावा लागतो आणि स्पेशल अटॅक एक पायरी वर जातो तो वेगळाच. चॅम्पियन्समध्ये ही जोडी असली तर सगळे पहिल्या आठवड्यात हीच वापरणार असं माझं पक्कं मत आहे, कारण डोकं फार लावावं लागत नाही. आणि त्याला सगळ्यात स्वच्छ उत्तर मेगा चारिझार्ड वाय.

मागच्या रविवारी शोडाऊनच्या नॅशनल डेक्स डबल्समध्ये झालेली मॅच सांगतो, तिथे मेगा आणि नवे पोकेमॉन एकत्र खेळवता येतात म्हणून मी सध्या तिथेच सराव करतोय. समोरून पेलिपर आणि आर्कालुडॉन, माझे चारिझार्ड आणि इन्सिनरोअर. पाऊस सुरू. त्याने आर्कालुडॉनला इलेक्ट्रो शॉट दिला चारिझार्डवर, एरवी माझा चारिझार्ड तिथेच गेला असता. मी मेगा दाबला. मेगा टर्नच्या सुरुवातीला होतो, मूव्ह्जच्या आधी, त्यामुळे ड्राऊट (ऊन आणणारी अ‍ॅबिलिटी) लागलं आणि पाऊस गेला. इन्सिनरोअरने पेलिपरला फेक आउट, तो गप्प. चारिझार्डने हीट वेव्ह दिली दोघांवर. आर्कालुडॉन चार्ज करत उभा राहिला. दुसऱ्या टर्नला त्याला इलेक्ट्रो शॉट सोडणं भागच होतं, बदलता पण येत नाही, मी चारिझार्डला प्रोटेक्ट (त्या टर्नचा हल्ला अडवणारी मूव्ह) दिला आणि इन्सिनरोअरने पार्टिंग शॉट मारून त्याचे दोन्ही अटॅक एक एक पायरी खाली आणले. शॉट वाया. तिसऱ्या टर्नला दुसरी हीट वेव्ह आणि आर्कालुडॉन गेला. मनापासून सांगतो, गेल्या वर्षभरात इतका आनंद कुठल्याच मॅचला झाला नव्हता.

पण पुढची मॅच त्याच माणसाशी हरलो, आणि तीच जास्त शिकण्यासारखी आहे. या वेळी त्याने पेलिपर मागे ठेवला. मी घाईत पहिल्याच टर्नला मेगा केलं. दुसऱ्या टर्नला त्याने पेलिपर बदलून आत आणला, पाऊस लागला, आणि माझं ड्राऊट तर आधीच होऊन गेलेलं, ते परत लागत नाही जोवर चारिझार्ड बाहेर जाऊन पुन्हा येत नाही. अदलाबदल नेहमी मेगाच्या आधी होते, त्यामुळे पेलिपर मैदानात येईपर्यंत मी मेगा राखून ठेवायला हवं होतं. म्हणजे मेगा बटण हे फक्त ताकदीचं नाही, ते हवामानाचं पण बटण आहे, आणि कधी दाबायचं यावर मॅच ठरते.

सोबत व्हीनसॉर ठेवतो मी, क्लोरोफिलमुळे उन्हात स्पीड दुप्पट आणि स्लीप पावडर. चारिझार्डचा स्पेशल अटॅक १५९ आहे, उन्हात फायर दीडपट, आणि सोलर बीमला चार्ज लागत नाही. दगडाला मात्र चौपट कमजोर, रॉक स्लाईडवाला गार्चॉम्प किंवा टायरानिटार दिसला की मी चारिझार्ड पहिल्या दोघांत काढत नाही.

---

गार्चॉम्प_नाशिककर

बापरे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मेगा राखून ठेवायचं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, मी नेहमी पहिल्या टर्नलाच दाबतो.

ताई, मेटाग्रॉसचं पटलं, आकडे वहीत लिहून घेतले. एक विचारतो, इन्सिनरोअर सगळ्यांच्याच टीममध्ये असतो, मग समोरचे त्याचीच तयारी करून येणार ना? आणि फ्लटर मेनसारखे १३५ स्पीडचे आले तर हे सगळे मेगा मागेच पडतात. मग काय करायचं?

---

जुना_ट्रेनर_कोल्हापूर

नाशिककर, तुझा दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. मी २०१३ पासून खेळतोय, एक्स आला तेव्हापासून, म्हणून थोडं सविस्तर.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. अधिकृत डबल्समधून मेगा २०१९ नंतर गेले. स्वोर्ड-शील्डमध्ये नव्हते, स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये नव्हते. म्हणजे रिलाबूम, किंगॅम्बिट, फ्लटर मेन, फॅरिजिराफ, घोल्डेंगो या कोणाचीही चॅम्पियन्सच्या आधी मेगाशी अधिकृत मॅचमध्ये एकदाही गाठ पडलेली नाही. इन्सिनरोअर तेवढा २०१८-१९ ला मेगांसोबत खेळलाय आणि तेव्हाही तो सगळीकडे होता. म्हणून जुन्या आठवणीवर मेगा निवडायचा आणि नव्या सवयीवर बाकीचे पाच, असं केलं तर टीम फाटते. मेगाची परीक्षा नव्या पोकेमॉनसमोर घ्यायची.

उदाहरण देतो. सॅलामेन्स इंटिमिडेट घेऊन आला आणि समोर किंगॅम्बिट डिफायंटवाला (समोरच्याने अटॅक कमी केला की दोन पायऱ्या वाढवणारा) असला तर अटॅक एक खाली जातो आणि दोन वर येतो, म्हणजे तूच त्याला एक पायरी बक्षीस दिलीस. मग त्याचा सकर पंच (आधी लागणारा हल्ला) बसतो, तुझा १२० स्पीड तिथे काही कामाचा नाही. इन्सिनरोअर आणि सॅलामेन्स दोघे एका टीममध्ये असले तर किंगॅम्बिटवाला हसतच येणार. हा धोका २०१५ ला एवढा नव्हता, तेव्हा किंगॅम्बिटच नव्हता.

आता मेगा कितीही वेगवान धरला तरी त्याच्यापुढे जाणारा कोणीतरी निघतोच, म्हणून मी स्पीडची शर्यतच लावत नाही. मी ट्रिक रूम बांधतोय, म्हणजे काही टर्न मंद पोकेमॉन आधी मारतात. फॅरिजिराफची आर्मर टेल असली की समोरून फेक आउट चालत नाही, त्याच्यावर पण नाही आणि शेजारच्यावर पण नाही, त्यामुळे ट्रिक रूम बहुतेक वेळा लागतंच. टॉन्टवाला (असल्या मूव्ह्ज बंद पाडणारा) आला तर मात्र फजिती, म्हणून टॉन्ट उतरवणारा मेंटल हर्ब. आणि मेगा म्हणून कॅमेरप्ट. हसू नका, आकडा बघा. कॅमेरप्टचा स्पीड मेगा झाल्यावर ४० वरून २० वर येतो, बऱ्याच मेगांचा वर जातो किंवा तेवढाच राहतो, याचा खाली, आणि ट्रिक रूममध्ये तेच हवंय. स्पेशल अटॅक १४५, शीअर फोर्समुळे हीट वेव्ह आणि अर्थ पॉवर दोन्ही जास्त लागतात. फ्लटर मेन १३५ स्पीड घेऊन शेवटी मारतो तेव्हा त्याचा जीव आधीच गेलेला असतो. पाण्याला चौपट कमजोर आहे, त्यामुळे पावसासमोर मी त्याला नेतच नाही, अमूंगस आणि दुसरा मेगा नेतो.

इन्सिनरोअरचं म्हणशील तर हो, सगळे तयारी करून येणार, तरी ठेव. फेक आउट, इंटिमिडेट, पार्टिंग शॉट ही तिन्ही कामं एकटा एवढी चांगली करणारा दुसरा नाही. किंगॅम्बिट दिसला तर मागे बसव, एवढंच.

एक आठवण सांगायचा मोह होतोय. २०१४ ला वॉशिंग्टनला सेजून पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला. लोक अजून त्याला नुसतं धाडस म्हणतात. मी तेव्हा ती मॅच रात्री जागून बघितली होती आणि दुसऱ्या दिवशी वहीत टीम लिहून बसलो की हा खारीसारखा प्राणी तिथे का. त्याच्या टीममध्ये गायराडोस होता, टॅलनफ्लेम होता, दोघांनाही विजेची भीती. पाचिरिसूची व्होल्ट अ‍ॅबसॉर्ब, म्हणजे वीज लागली तर उलट तब्येत सुधारते, आणि फॉलो मी ने ती वीज स्वतःकडे ओढायची. म्हणजे त्या टीमला नेमकी हवी असलेली एक गोष्ट त्याच्याकडे होती आणि ती त्या फॉरमॅटमध्ये दुसऱ्या कोणाकडे तशी नव्हती. तुझी ती रिकामी सहावी जागा आहे ना, तिथे आवडता पोकेमॉन शोधण्याआधी तुझ्या मेगाला कशाची भीती आहे ते लिहून काढ.

---

टेलविंड_ताई

दादा, किंगॅम्बिटचा मुद्दा एकदम बरोबर, म्हणूनच मी मेटाग्रॉससोबत पण किंगॅम्बिटसाठी फायटिंगवाला कोणीतरी ठेवतेच, नाहीतर सकर पंच मेटाग्रॉसलाही चौपट नाही पण दुप्पट लागतो. ट्रिक रूमबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. चार टर्न हातात असतात आणि समोरचा जाणता असला तर दोन टर्न प्रोटेक्ट आणि अदलाबदलीत घालवतो. नवीन खेळाडूने सुरुवातीला व्हिम्सिकॉट आणि टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट करणारी मूव्ह) घ्यावं असं मला वाटतं, प्रँकस्टरमुळे टेलविंड आधी लागतं आणि तेही चार टर्न, पण चुकलं तरी आपली टीम एरवीही खेळू शकते. ट्रिक रूममध्ये रूम लागली नाही की मंद पोकेमॉन नुसते मार खात उभे राहतात.

---

जुना_ट्रेनर_कोल्हापूर

हे मान्य, पहिल्या महिन्यासाठी तरी ताई म्हणतात तेच बरं. मी दहा वर्षं रूमच खेळतोय म्हणून मला ते सोपं वाटतं.

---

झेडए_पूर्ण_केला

ड्रॅगनाईटच्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही म्हणून मी सांगतो. झेड-ए मी सगळा खेळलोय आणि मेगा ड्रॅगनाईट मलाही जाम आवडला. पण झेड-ए मध्ये अ‍ॅबिलिटीच नाहीत. आणि डबल्समध्ये मेगाची अर्धी किंमत अ‍ॅबिलिटीची असते, वर सगळ्यांनी तेच तर लिहिलंय, चारिझार्ड वाय म्हणजे ड्राऊट, मॉवाईल म्हणजे ह्यूज पॉवर, गेंगार म्हणजे शॅडो टॅग. ड्राऊट काढून घेतलं तर चारिझार्ड वाय कोण घेणार? म्हणून नवीन मेगा टीमच्या मध्यभागी बसवायचे नाहीत आत्ता. दुसरं म्हणजे झेड-ए च्या लढाया चालत-पळत होतात, मूव्हला कूलडाऊन असतो, तिथे एखादा मेगा भारी वाटला म्हणजे टर्नवाल्या खेळात भारी असेल असं नाही.

साधा ड्रॅगनाईट मात्र धर, त्याला कुठे काय झालंय. मल्टीस्केल आहे (तब्येत पूर्ण असताना मार अर्धा), एक्स्ट्रीम स्पीड आहे (आधी लागणारा हल्ला), मेगा न करताही तो पूर्ण पोकेमॉन आहे. मग त्याच्या मेगाला चांगली अ‍ॅबिलिटी मिळाली तर तुझ्याकडे दुसरा मेगा आयता तयार.

आणि सगळेच पोकेमॉन सुरुवातीला चॅम्पियन्समध्ये नसणार हे कंपनीनेच सांगितलंय, होममधून (पोकेमॉन साठवून एका गेममधून दुसऱ्यात नेणाऱ्या अ‍ॅपमधून) पण ठरावीकच येणार. त्यामुळे प्रत्येक जागेला एक बदली खेळाडू लिहून ठेव. अमूंगस नसला तर रेज पावडर किंवा फॉलो मी कोण देणार, व्हिम्सिकॉट नसला तर टेलविंड कोण, असं.

---

पाऊस_आला_मोठा

बदली लिहून ठेवण्याला शंभर टक्के. मी तर पेलिपर नसेल तर काय यावर पण एक टीम केलीय, आणि खरं सांगतो, पेलिपरच नसेल तर चारिझार्ड वाय कोणालाच आवरणार नाही, मग सगळे टायरानिटार घेऊन येतील वाळूसाठी.

---

गार्चॉम्प_नाशिककर

सगळ्यांना मनापासून थँक्यू, काल रात्री मित्राकडे बसून हा सगळा धागा मोठ्याने वाचला आम्ही. टीम बदलली.

चारिझार्ड वाय पहिला मेगा, मेटाग्रॉस दुसरा, समोर दगड दिसला की मेटाग्रॉस न्यायचा. इन्सिनरोअर, व्हिम्सिकॉट, गार्चॉम्प राहिले. कँगास्खान काढला, वाईट वाटलं पण काढला. सहाव्या जागेसाठी दादांनी सांगितलं तसं लिहून काढलं, चारिझार्डला रॉक स्लाईड आणि पाऊस, मेटाग्रॉसला सकर पंच आणि घोस्ट. तिथे आत्ता रिलाबूम बसवलाय, त्याने आणलेल्या गवतामुळे अर्थक्वेक अर्धा होतो, पावसातल्या पाण्याच्या पोकेमॉनवर ग्रासी ग्लाईड, आणि दुसरा फेक आउट. ग्लाईडची पॉवर ७० वरून ५५ झालीय ते माहितीय, तरी प्रायॉरिटी आहे, आधी लागते. मल्टीस्केलवाला ड्रॅगनाईट त्याचा बदली.

आज नॅशनल डेक्सला सात मॅच खेळलो, चार जिंकल्या. हरलेल्या तिन्हीत किंगॅम्बिट होता आणि तिन्ही वेळा मी इन्सिनरोअर पुढे काढला होता. रविवारी रात्री नऊनंतर मी आणि मित्र ऑनलाईन असू, कोणाकडे किंगॅम्बिटवाली टीम असेल तर याल का, दहा-बारा मॅच सलग फक्त त्याच्याचविरुद्ध खेळायच्या आहेत.

---

टेलविंड_ताई

मी येते, किंगॅम्बिट ब्लॅक ग्लासेसवाला आहे माझा. साडेनऊला.